पश्चिमेच्या भिंतीला खालून ओल, वॉटरप्रूफ रंग मारू का?

प्रश्न (शाहूपुरी, सातारा)
घर 2009 चं. नऊ इंची विटेची भिंत, बाहेरून सिमेंटचा गिलावा. यवतेश्वराकडून येणारा पाऊस थेट याच भिंतीवर आपटतो. गेले दोन पावसाळे जमिनीपासून अडीच फूट ओल चढतेय. रंग फुगतो, बोट लावलं की पोपडा गळतो आणि मागे मिठासारखी पांढरी भुकटी. आतून याच भिंतीला आईची खाट आहे, तिला दमा आहे. रंगारी म्हणतो, पावसाआधी वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारू.

उत्तर (30 वर्षं गवंडीकाम)
ताई, रंग थांबवा. वरून पाणी आलं असतं तर कठड्याखाली, खिडकीच्या कोपऱ्यात डाग दिसले असते. एका उंचीवर रेघ धरून थांबते ती ओल बहुतेक खालून चढलेली असते. दोन वर्षांपूर्वी अंगणात ब्लॉक, कोबा, भर असं काही केलंत का?

शाहूपुरी
काका, पेव्हिंग ब्लॉक घातले. आत्ता टेप लावून बघितलं, जोत्याची वरची कड ब्लॉकच्याही दोन बोटं खाली गेलीय.

गवंडीकाम
मग तेच. जोत्यावर ओल अडवणारा थर असतो. अंगण त्याच्या वर गेलं की पाणी थराला वळसा घालून गिलाव्यातून विटेत शिरतं. भिंतीलगतचे ब्लॉक दीड फूट रुंदीत काढा, जमीन जोत्याच्या सहा इंच खाली न्या, उतार भिंतीपासून बाहेर द्या. ओलीच्या रेघेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा फोडा, विटांचे सांधे अर्धा इंच खरवडा. हा पावसाळा भिंत उघडी राहील, त्यावर ताडपत्री बांधा, पण वारा खेळू द्या. दिवाळीनंतर पूर्ण वाळली की 1:6 चा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू) गिलावा, दोन थरांत. सिमेंट जास्त घातलं की गिलावा कडक होतो आणि बारीक तडे जातात. तड्यातून आत गेलेलं पाणी मग लवकर बाहेर पडत नाही. सात दिवस पाणी मारा. नवा गिलावा जमिनीला टेकवू नका, चार बोटं वर थांबवा.

उत्तर (गावभाग, सांगली)
2019 च्या महापुरानंतर आम्ही घाई केली. दिवाळीला रंग दिला, मार्चमध्ये सगळा फुगून आला. लोणा, म्हणजे ती पांढरी भुकटी, कोरड्या ब्रशनेच झाडा, धुतलात तर मीठ पुन्हा विटेत जातं. आणि आईची खाट आजच दुसऱ्या भिंतीला हलवा.

शाहूपुरी
खाट हलवली. ब्लॉक काढायला उद्या माणूस येतोय.