अश्वमेध: मूळ इथलं की गवताळ मैदानांतलं?

पारवा
नाणेघाटातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दोन अश्वमेधांची नोंद आहे. सातवाहनांचा हा यज्ञ मुळात इथला नव्हेच, गवताळ मैदानांतल्या इंडो-युरोपीय लोकांचा (संस्कृत, लॅटिन, आयरिश या भाषांच्या समान पूर्वजांचा), असं माझं मत. रोममध्ये १५ ऑक्टोबरला रथांची शर्यत लावत, जिंकलेल्या जोडीतला उजवा घोडा मार्स देवाला बळी देत आणि शेपूट धावत रेगिया या जुन्या राजगृहात नेत. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स हा धर्मगुरू लिहितो, आयर्लंडच्या अल्स्टर भागातल्या एका टोळीचा राजा गादीवर बसताना पांढऱ्या घोडीशी संग करतो. मग ती कापून शिजवतात आणि राजा त्याच रश्श्यात अंघोळ करतो. आपल्याकडे महिषी, म्हणजे पट्टराणी, मेलेल्या घोड्याशेजारी निजते. राजसत्ता, घोडा, संग, बळी सगळं जुळतं, आणि म्हणे योगायोग!

खडूस_काका
जेराल्डवर भरवसा? त्याचेच नातलग आयर्लंड जिंकायला गेले होते. तिथले लोक रानटी ठरले तर कोणाची सोय होती, सांगा बघू! रोममध्ये तर राणीही नाही आणि संगही नाही. तिथे घोडा भाल्याने मारतात, आपल्याकडे गुदमरवून. रक्त सांडू न देता घोडा मारायची रीत मध्य आशियातल्या अल्ताय पर्वतातल्या तुर्की लोकांतही होती. त्यांनाही इंडो-युरोपीय म्हणायचं का?

पारवा
काका, त्याच अल्तायमध्ये पाझिरिकची थडगी आहेत, माणसांबरोबर घोडे पुरलेली. ते लोक शकांच्या गोतावळ्यातले, म्हणजे इंडो-युरोपीयच, मानतात. तुर्कांनी रीत त्यांच्याकडून उचलली नसेल कशावरून?

खडूस_काका
'नसेल कशावरून' हा पुरावा झाला होय?

सुपारी
घोडा बाहेरून आला हे आधीच धरून चालताय दोघंही. कच्छमधल्या सुरकोटड्याला हडप्पाकालीन हाडं सापडलीत.

पारवा
ती घोड्याचीच, असं प्राण्यांच्या हाडांचे अभ्यासक बोकोन्यी म्हणाले. त्याच विषयातल्या मेडो यांना ते पटलं नाही. जनुकांचा अभ्यास मात्र आजच्या पाळीव घोड्यांचं मूळ रशियातल्या व्होल्गा-डॉन नद्यांच्या गवताळ पट्ट्यात दाखवतो.

उंबरठा
घोडा आला म्हणजे विधीही आला, असं नव्हे. माझ्या मते तुम्ही चुकीचा यज्ञ निवडलात. सोमयाग घ्या. पारशी दस्तूर आजही यस्न या विधीत हओम ही पवित्र वनस्पती कुटून रस गाळतात, आपल्याकडे तसाच सोम. देवता, मंत्र, रस काढायची पद्धत, सगळं शेजारी ठेवून तपासता येतं. इराणपर्यंतचा पूल दगडी आहे, पुढे रोमकडे जाणारा नुसता साकव.

खडूस_काका
हे मान्य. पण अश्वमेधात जे खरं भव्य आहे त्याचं काय? घोडा वर्षभर मोकळा हिंडतो, मागे चारशे राखणदार. इकडे 'होता' नावाचा पुरोहित दहा-दहा दिवसांच्या फेऱ्यांनी पारिप्लव आख्यानं, म्हणजे फिरून फिरून येणाऱ्या कथा, सांगतो, वीणेवर राजाची स्तुती गातात. यातलं रोममध्ये काय आहे? एका दिवसात शर्यत, बळी, शेपूट, की संपलं.

पारवा
वर्षभराचा पसारा नंतरच्या ब्राह्मणग्रंथांत येतो. त्याआधीच्या ऋग्वेदातली दीर्घतमा ऋषीची सूक्तं (१.१६२-१६३) वाचा: घोडा, पुढे चालणारा बोकड, मांस शिजवायची भांडी आणि घोडा कापताना जपायच्या चौतीस फासळ्या. महिषी तिथे नाही, दिग्विजयही नाही.

उंबरठा
महिषी तिथे नाही? मग आयर्लंडशी साम्य दाखवायला तुम्ही नेमकी तीच का वापरलीत?