क्लच प्लेट बदलल्यापासून गाडी सेल्फ घेत नाही, नुसता ‘टक’ आवाज

विटेकर: नमस्कार मंडळी, जरा मदत करा. 2010 ची पेट्रोल हॅचबॅक आहे. शुक्रवारी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग सगळा सेट बदलून घेतला. गॅरेजमधून आणताना त्यांनी धक्का मारूनच चालू करून दिली, बॅटरी बसली असेल म्हणाले. घरी आल्यावर बंद केली ती आता चालूच होत नाही, किल्ली फिरवली की एकदा ‘टक’ होतं आणि गप्प. काम करायच्या आधी अर्ध्या सेल्फवर उठत होती हो! सोमवारी सकाळी आईला डोळे दाखवायला मिरजेला न्यायचंय आणि गॅरेज उद्या बंद.

पांढरीगाडी: सेल्फ गेला असणार, नाहीतर बॅटरी. माझा सेल्फ गेला तेव्हा सेम असंच झालं होतं. सरळ नवीन टाका.

जुनंइंजिन: थांबा, लगेच पार्ट घेऊ नका. किल्ली फिरवताना हेडलाइट चालू ठेवा, मंद होतो का बघा. मल्टिमीटर असेल तर बॅटरीचे व्होल्टेज बंद गाडीत किती आणि किल्ली फिरवताना किती तेही सांगा.

विटेकर: भावाकडून मीटर आणला. बंद असताना 12.5, किल्ली फिरवताना 12.1. लाइट जवळजवळ तसाच राहतो. आणि एक विचित्र गोष्ट, तीन-चार वेळा ट्राय केल्यावर बॉनेटमध्ये प्लास्टिक जळल्यासारखा वास आला.

जुनंइंजिन: मग आता किल्ली अजिबात फिरवू नका! तुमची क्लच वायरवाली गाडी आहे ना, म्हणजे पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी तार जाणारी? त्या वायरला हात लावून बघा, जपून, चटका बसेल. बॅटरी डाऊन असती तर सेल्फ मारताना व्होल्टेज धाडकन 9 च्या खाली आलं असतं आणि लाइट मिणमिणला असता. तुमचं 12.1 राहतंय म्हणजे सेल्फला पुरेसा करंट पोचत नाहीये. क्लचसाठी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, त्यावर बॅटरीच्या मायनसकडून येणारी जाड अर्थची पट्टी बोल्टने असते. ती परत लावायची राहिली की इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं, त्याला बॉडीशी जोडणारं दुसरं काही धड नसतं, मग सेल्फचा शंभर-दीडशे अँपिअर करंट क्लच नाहीतर एक्सिलरेटरच्या वायरमधून वाट शोधतो. म्हणून वास. धक्का मारूनही चालवू नका, अल्टरनेटरचा करंटही त्याच वायरीतून जाईल.

खात्री करायची तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनवर उघड्या लोखंडी बोल्टला लावा, रंगावर नको. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, मग एकदाच किल्ली.

पांढरीगाडी: पण गिअरबॉक्स काढला तर क्रँक सेन्सरचं (इंजिन फिरतंय हे ओळखणारा सेन्सर) सॉकेट पण राहिलेलं असू शकतं ना?

जुनंइंजिन: शकतं, पण त्यात सेल्फ मस्त फिरतो, गाडी उठत नाही तेवढंच. इथे सेल्फच फिरत नाहीये.

विटेकर: दादा, पहिल्या झटक्यात चालू झाली!! एवढा आनंद झाला म्हणून सांगू. मग बॅटरी आणि ट्रे काढला, खाली ती पट्टी तशीच लोंबकळत होती, टोकाला हिरवट गंज. पॉलिश पेपरने ती आणि गिअरबॉक्सवरची जागा दोन्ही चकचकीत घासली आणि 12 च्या पान्याने बोल्ट आवळला. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस आणि इंजिनमध्ये मीटर लावून बघितलं तर 0.2 व्होल्ट येतंय.

फक्त क्लच पेडल आता जड लागतंय. वायरीचं कव्हर एका जागी वितळून चिकटलंय.

जुनंइंजिन: 0.2 एकदम मस्त, म्हणजे अर्थ नीट लागलाय. पण ती क्लच वायर मात्र बदलाच, आतलं प्लास्टिकचं अस्तर गेलं की वायर अडकते, घाटात वगैरे तुटली तर आईंना घेऊन रस्त्यात बसाल. महाग नसते, उद्या दुकान उघडं मिळालं तर मिरजेला जायच्या आधीच टाकून घ्या.

विटेकर: मिळाली, शेजारच्या दादांनी दुकानदाराला घरून उठवलं. आता बसवतोय.