'जागल्या' की 'तक्रारदार'? आणि 'संशयित आरोपी' हा नेमका कोण?

बोरीकाठ:
अमळनेर तालुक्यातल्या ग्रामपंचायत सदस्यांसाठी एक चार पानी इंग्रजी पत्रक मराठीत करायचं आहे. कार्यालयातला गैरव्यवहार आतल्याच माणसाने बाहेर काढला तर त्याला संरक्षण काय, आणि ज्याच्यावर बोट ठेवलं त्याचे हक्क काय, असा विषय. दोन शब्दांवर गाडी अडली आहे. 'व्हिसलब्लोअर'ला मी 'जागल्या' लिहिलं होतं. तपासणाऱ्याने ते खोडून 'तक्रारदार' केलं आणि समासात शेरा मारला, 'जागल्या हे वतन होतं, गुण नव्हे.' दुसरं म्हणजे मी लिहिलेल्या प्रत्येक 'आरोपी'च्या आधी त्याने 'संशयित' चिकटवलं. काय ठेवू?

सातपुडा_पायथा:
शेरा अर्धा बरोबर आहे. जागल्या हा गावकामगार. खानदेशात हे काम बऱ्याच गावी भिल्लांकडे असे. रात्री गस्त घालायची, चोरी झाली की माग काढायचा, आणि माग शिवेबाहेर गेला तर पुढच्या गावाच्या हवाली करायचा. 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ वतनं गेली. पण बघा, जागल्या ओरडायचा तो बाहेरून आलेल्या चोराच्या नावाने. पाटलाच्याच वाड्यात चोरीचा माल सापडला तर त्याने काय करायचं, याची तरतूद त्या व्यवस्थेत नव्हती. तुमच्या पत्रकातला माणूस नेमका पाटलाकडे बोट दाखवतो. म्हणून शब्द गोड असला तरी बसत नाही.

मुद्रितशोधक:
शब्दाचा अर्थ वतनाबरोबर संपत नसतो. मराठी वर्तमानपत्रं 'जागल्या' याच अर्थाने छापतात, वाचकाला कळतं. 'कोतवाल' हा पूर्वी शहराचा मोठा अधिकारी होता, नंतर तलाठ्याच्या हाताखाली दवंडी देणारा झाला. कोणी हरकत घेतली का?

खळवाडी:
शहरमा कळत व्हई. गावमा त्याले 'चुगलखोर' म्हनतस, जागल्या कोनी म्हनत नही.

कोर्टआवार:
पत्रक ग्रामपंचायतीसाठी आहे ना? मग शब्दाआधी कागद बघा. एकच माणूस कागदागणिक नाव बदलतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागात तो 'तक्रारदार'. पोलीस ठाण्यात प्रथम खबरीच्या (एफआयआरच्या) रकाना 6 मध्ये 'तक्रारदार किंवा माहिती देणारा'. अंमलदार तोंडी त्याला 'फिर्यादी' म्हणतात. खटला उभा राहिला की तो सरकार पक्षाचा साक्षीदार, त्याला नुसता नंबर. कायद्याच्या काटेकोर अर्थाने 'फिर्याद' ही न्यायदंडाधिकाऱ्याकडे करायची असते, पोलिसांकडे दिली जाते ती 'खबर'. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे भेद कायम आहेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर कलम 173, अदखलपात्राची 174, न्यायदंडाधिकाऱ्याकडची फिर्याद 223. 'तक्रारदार' हा शब्द या सगळ्यांवर पांघरूण घालतो, म्हणून तोही धोक्याचा.

धोका शब्दापुरता नाही. रकाना 6 मध्ये नाव आलं की ते उघडं पडलं. 2016 पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने प्रथम खबर 24 तासांत संकेतस्थळावर चढवतात, लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं वगळून. 'तक्रारदार व्हा, संरक्षण मिळेल' असं पत्रकात छापलं आणि वाचणारा थेट ठाण्यात गेला, तर दुसऱ्या दिवशी ज्याच्याविरुद्ध खबर दिली तोही ती वाचेल.

बोरीकाठ:
मग नाव झाकून तक्रार करायची सोय कुठे आहे? मूळ इंग्रजीत 2014 च्या व्हिसलब्लोअर संरक्षण कायद्याचा हवाला आहे.

कोर्टआवार:
तो हवाला काढाच. कायद्याला मे 2014 मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, पण तो अंमलात आणलेला नाही. त्यात ओळख फोडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत, अशा दोन्ही बाजू आहेत. पण कागदावरच.

चालू आहे तो केंद्राचा एप्रिल 2004 चा ठराव. बिहारमध्ये सत्येंद्र दुबे या महामार्ग अभियंत्याचा नोव्हेंबर 2003 मध्ये खून झाला, त्यानंतर तो निघाला. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाच्या सचिवांच्या नावे, बंद पाकिटात. पाकिटावर ही जनहित प्रकटनाची तक्रार आहे असं लिहायचं, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता लिहायचा नाही. नाव आतल्या पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी. निनावी असेल तर घेत नाहीत. लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक, पाकिटावर स्वतःचा शिक्का मारतात. दोन, मजकुरात 'मी दिनांक अमुकला याच टेबलावर असताना' असं लिहितात, मग नाव झाकून उपयोग काय?

आणि हे फक्त केंद्राच्या कार्यालयांना आणि उपक्रमांना. भुसावळची रेल्वे चालेल, वरणगावची आयुध निर्माणी चालेल. जिल्हा परिषद, नगरपरिषद, ग्रामपंचायत यात येत नाही. म्हणजे तुमच्या वाचकाला याचा थेट उपयोग नाही. त्याच्यासाठी लाचलुचपत विभाग, टोल फ्री 1064. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक परिक्षेत्रात. नाहीतर लोकायुक्त.

मुद्रितशोधक:
माहिती चांगली आहे, पण प्रश्न शब्दाचा होता.

पांझरा:
शब्दाचंच सांगतो. या माणसाला मराठीत खरा शब्द मिळतो तो 'फितूर', आणि तोच दोन उलट्या बाजूंनी. साहेबांविरुद्ध तोंड उघडलं की कार्यालय त्याला फितूर म्हणतं. तोच माणूस साक्षीच्या पिंजऱ्यात 'मला आठवत नाही' म्हणाला की न्यायालय त्याला फितूर साक्षीदार म्हणतं. लाचेच्या खटल्यात हे वारंवार होतं, कारण सगळा डोलारा मागणीवर उभा असतो. नोटांवर अँथ्रॅसिन पावडर लावली, अतिनील दिव्याखाली बोटं चमकली, पंचनाम्यात नोटांचे नंबर जुळले, तरी पैसे मागितले होते हे शाबीत झालं नाही तर आरोपी सुटतो. म्हणून सापळ्याआधी पंचांसमक्ष पडताळणी करतात, आवाज टिपतात. तक्रारदार फितूर झाला किंवा वारला तर इतर पुराव्यावरून मागणी शाबीत करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलं आहे.

पत्रकात एक ओळ मात्र हवीच. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांत कळवलं पाहिजे. आधी विभागाला कळवून सापळ्यासाठी दिली तर गुन्हा नाही. देऊन तीन महिने गप्प बसलेला माणूस 'जागल्या' म्हणून गेला तर आरोपी होऊन परत यायचा.

सातपुडा_पायथा:
फितूर अरबीतून आला, मूळ अर्थ ढिलाई, मंदपणा. मराठीत येऊन दगाबाज झाला.

मुद्रितशोधक:
खबर, फिर्याद, फितूर, जामीन, सगळंच फारसी-अरबी. निदान शासकीय पत्रकात तरी 'सूचक', 'अभियोग', जामीन राहणाऱ्यासाठी 'प्रतिभू' असे शब्द रुळवायला नकोत का? ते कधीच छापले नाहीत तर कधीच रुळणार नाहीत.

खळवाडी:
'प्रतिभू' वाचून माणूस पत्रक उलटं धरेल. एरंडोलच्या बाजारात विचारून पाहा.

कोर्टआवार:
आता दुसरा शब्द, त्याकडे कोणी बघितलंच नाही. 'संशयित आरोपी' ही वार्ताहरांची निर्मिती आहे असं सगळे समजतात. उगम बहुधा छापील नमुन्यात आहे. प्रथम खबरीच्या रकाना 7 चा मथळाच माहीत असलेल्या, संशयित किंवा अनोळखी आरोपीचा तपशील असा आहे. तिथे तीन पर्याय आहेत, लागू नसलेले खोडायचे असतात. कोणी खोडत नाही, बातमीत दोन एकत्र येतात. नाव घेऊन आरोप केला आहे तो आरोपी. नाव तपासात पुढे आलं पण अजून कुणी आरोप केलेला नाही तो संशयित. दोन्ही एकदम म्हणजे अंगरख्यावर अंगरखा.

पांझरा:
इथे मी तपासणाऱ्याच्या बाजूने आहे. व्याकरण सोडा, परिणाम बघा. आपल्याकडे 'आरोपी' वाचला की लोक 'गुन्हेगार' ऐकतात. 'संशयित'मुळे वाचक निदान एक क्षण थांबतो. 7 वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या अर्नेश कुमार निकालाने 2014 मध्येच सांगितलं. आता ती नोटीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) खाली निघते. नोटीस मिळालेल्या माणसाचा फोटो गावच्या व्हॉट्सॲपवर 'आरोपी जेरबंद' म्हणून फिरतो, तेव्हा त्याला अटकसुद्धा झालेली नसते.

कोर्टआवार:
मग बातमी दुरुस्त करा, शब्द का बिघडवता? संविधानाचा अनुच्छेद 20(3), म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, हा हक्क आरोप असलेल्याला आहे. 'आरोपी' हा शब्द हक्क देतो. तो पातळ केला की हक्कही पातळ होतो. पोलीस पुष्कळदा 'तुम्ही अजून आरोपी नाही, नुसतं चौकशीला बोलावलंय' म्हणून माणसाला दिवसभर बाकावर बसवतात. अटक दाखवली की न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं 24 तासांचं घड्याळ सुरू होतं, म्हणून ती दाखवत नाहीत. अशा वेळी लेखी नोटीस मागायची, आत जाताना आणि बाहेर पडताना ठाणे डायरीत नोंद करायला सांगायची.

सातपुडा_पायथा:
पुढच्या पायऱ्यांनाही शब्द आहेत. दोषारोपपत्र पोलीस देतात. दोषारोप ठेवते ते न्यायालय. वर्तमानपत्रात दोन्हीला 'आरोप निश्चित'. तुरुंगात 'न्यायाधीन बंदी' आणि 'सिद्धदोष बंदी', बोलीत कच्चा कैदी आणि पक्का कैदी. बोलीने केवढं नेमकं ठेवलंय! जळगाव पालिकेच्या घरकुल योजनेतल्या गैरव्यवहाराच्या प्रकरणात फिर्याद 2006 ची, धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल ऑगस्ट 2019 चा. मधली 13 वर्षं त्या सगळ्यांना काय म्हणायचं, तर आरोपी. त्याहून कमी नाही, जास्तही नाही.

मुद्रितशोधक:
त्यात फिर्याद खुद्द पालिका आयुक्तांनी दिली होती. त्यांना जागल्या म्हणाल का?

सातपुडा_पायथा:
नाही. ते त्यांचं कामच होतं.

मुद्रितशोधक:
जागल्याचंही ते कामच होतं की!

बोरीकाठ:
मंडळी, पत्रक उद्या छपाईला जातंय. 'उघड करणारी व्यक्ती' असं साधं लिहू का? आणि 'आरोपी' एकटाच ठेवू?

पांझरा:
त्या व्यक्तीला धमकी आली तर साक्षीदार संरक्षणासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो, हे आधी घाला. 2018 च्या योजनेत पोलिसांनी धोक्याचा अहवाल 5 कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे. बाकी 'संशयित' काढू नका.

कोर्टआवार:
काढा.

खळवाडी:
ते ठरेपर्यंत एक सांगा. 'जामीन' म्हणजे मुळात हमी घेणारा माणूस, 'जामीन राहणे' मधला. मग 'जामीनदार' कशाला? दोनदा हमी?

मुद्रितशोधक:
म्हणूनच म्हणत होतो, प्रतिभू.