आराम हवा तर ऑफरोडर कशाला? रॉक्स, जिमनी आणि पुण्यातले खड्डे

घाटवाट : काल इथे एकाने साधं विचारलं, रोज ऑफिसला आणि महिन्यातून एकदा जंगलात न्यायला महिंद्राची थार रॉक्स घेऊ की मारुतीची जिमनी, तर लगेच एका शहाण्याचं उत्तर, "आराम हवा तर क्रेटासारखी शहरी गाडी घे, खरी ऑफरोडर, म्हणजे दगडमातीत चालणारी, अंग खिळखिळं करणारच." डोकं फिरलं माझं. अहो, गाडी आठवडाभर सिंहगड रोडला फर्स्ट-सेकंडमधे रांगणार आणि एखाद्या रविवारी राजमाचीला जाणार, मग आठवडाभराचा विचार नको करायला? रॉक्सला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली हलतात, आणि मागे पाच दांड्यांवर (पेंटालिंक) टेकलेला, दोन चाकं एकत्र जोडणारा सॉलिड अ‍ॅक्सल आहे, अवघड चढाला जोर देणारा फोर-लो गियर आहे, अजून काय पाहिजे? जिमनीला पुढेमागे दोन्हीकडे सॉलिड अ‍ॅक्सल, डावं चाक खड्ड्यात गेलं की उजवीकडच्याची पण मान हलते. माझ्या वडिलांना जुन्या जीपमधून वरंधा घाट उतरवला तेव्हा घरी येऊन ते दोन दिवस आडवे होते, हे मर्दानगीवाले तेव्हा कुठे असतात?

गियरबॉक्स : तो शहाणा मीच. आणि त्या सॉलिड अ‍ॅक्सलमुळेच जिमनीचं चाक खडकाला चिकटून राहतं, हे सोयीने गाळलंत. रॉक्सची रुंदी 1870 मिमी, जिमनीची 1645. लोणावळ्याहून राजमाचीच्या वाटेवर समोरून पिकअप आला की या फरकाची किंमत कळते. जिमनीचं वजन बाराशे किलोच्या आसपास, चिखलात रुतली तर चार माणसं ढकलून काढतात. तुमचं धूड काढायला काय आणणार?

घाटवाट : आणि मागे सीटवर माणसं बसली की 208 लिटर डिकीत काय ठेवणार, नारळ?

गियरबॉक्स : डिकी लहान आहे, मान्य, खूश? पण रॉक्सचा फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा प्रकार, फक्त डिझेलमधे मिळतो हे पण सांगा की त्या बिचाऱ्याला. रोज चार किमी ऑफिसला जाणाऱ्याच्या आजच्या डिझेलचा डीपीएफ, म्हणजे धुराची काजळी धरणारी जाळी, थोड्या अंतरात तापून साफ होत नाही आणि तुंबतो, मग चेकलाइट लागली की इथेच रडत येईल.

पेठेतला : दोघेही थांबा, पेठेत पार्किंग कुठे करणार ते कोणी बोलत नाही. आमच्या वाड्यासमोर एकाने अशीच उंच गाडी लावलीये, दुधवाल्याची सायकल जात नाही. आणि लोक फोर-हाय लावून, म्हणजे चारही चाकांना ताकद देऊन, कोरड्या डांबरावर फिरतात, त्यात पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं सेंटर डिफरन्शियल नसतं हे माहीत नाही, वळताना गाडी अडखळते मग गॅरेजवाल्याला शिव्या.

रविवारचा_राजा : एवढं काय, टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयवर आणा आणि दापोलीकडे बीचवर घाला, कुठली गाडी खरी ते तिथे कळतं. गेल्या डिसेंबरला आम्ही जाम धमाल केली.

दर्यावर्दी : आलात का! धमाल तुमची आणि ट्रॅक्टर आमचा. भरती चढायला लागली की हे पुण्या-मुंबईचे राजे दारात, "काका जरा ओढून द्या ना." वेळास, आंजर्ल्याला ऑलिव्ह रिडलेची कासवं अंडी घालतात, एकेका घरट्यात शंभरच्या आसपास, पोरं रात्री जागून ती हॅचरीत, म्हणजे कुंपणातल्या सुरक्षित जागेत, नेतात. जे घरटं सापडत नाही ते तुमच्या चाकाखाली, आणि पिल्लू बाहेर आलं तर टायरच्या चरात अडकून पडतं, समुद्रापर्यंत पोचतच नाही. पोलीस गुन्हे दाखल करतात तरी अक्कल येत नाही.

रविवारचा_राजा : आम्ही ओल्या वाळूवरच चालवली, तिथे कुठलं कासव? आणि तुमच्या गावातले टेम्पो वाळू भरतात तेव्हा कासवं दिसत नाहीत वाटतं!

दर्यावर्दी : ओल्या वाळूपर्यंत काय उडत गेलात? कोरड्यावरूनच उतरलात ना! वाळूवाल्यांची बाजू मी कधी घेतली? आमच्या वाडीने टेम्पो अडवलेत, मी स्वतः मार खाल्लाय. तुम्ही अडवा तुमच्या ग्रुपमधली एक तरी गाडी.

गियरबॉक्स : दर्यावर्दी बरोबर बोलतायत. शिवाय खाऱ्या पाण्याने खालची चासी सडते ती वेगळीच.

घाटवाट : हो, पहिल्यांदा तुमचं पटलं. तारीख लिहून ठेवतो.

नवा_भिडू : प्रश्न माझाच होता. ऑफिस अठरा किमीवर आहे, डीपीएफचं टेन्शन नको. शनिवारी आईला दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर बसवून खराब रस्त्याने नेतो, ती म्हणेल ती घेऊ. आणि दर्यावर्दी काका, बीचवर नेणार नाही.

दर्यावर्दी : बरं. डिझेल वाचलं माझं.