ओढ्याचं पाणी लॉनला: जाळी लिंपते, मोटर पाणी सोडते

मुळशी_लॉन
लॉन २,००० चौ. फूट, आठ पॉप-अप (पाणी देताना जमिनीतून वर येणारे तुषार). १ एचपी मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र) ओढ्याच्या पाण्यापासून साडेचार मीटर उंचीवर आहे. फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातल्या टोकाची झडप) आणि मोटरच्या मध्ये १२० मेशचा (इंचाला १२० भोकं) जाळीचा स्क्रीन फिल्टर बसवलाय. तीन-चार दिवसांत जाळी शेवाळाने लिंपते आणि मोटर पाणी सोडते, म्हणजे चालू असूनही उपसा थांबतो. जाळी काढली की नोझल तुंबतात. हायड्रोसायक्लोन (पाणी गरगर फिरवून गाळ वेगळा करणारा फिल्टर) लावू का?

पाइपफिटिंग
आधी तो फिल्टर सक्शनवरून, म्हणजे मोटरच्या ओढणाऱ्या बाजूवरून काढा. सक्शनला हवेच्या दाबाएवढंच बळ: कागदावर १० मीटर, प्रत्यक्षात ६-७. साडेचार तुमचे उंचीतच गेले, उरलेलं बुजलेली जाळी खाते. बारीक फिल्टर कायम डिलिव्हरीवर, म्हणजे मोटरच्या पुढच्या पाइपवर.

ओढ्यात मात्र जाडी गाळणी हवीच. प्लास्टिकच्या ड्रमला ५-६ मिमीची भरपूर भोकं पाडा, वर शेडनेट गुंडाळा, फुटव्हॉल्व्ह आत सोडा. तो तळापासून फूटभर वर आणि पाण्याखाली दीड फूट राहू द्या, नाहीतर एकतर गाळ येतो किंवा भोवरा होऊन हवा शिरते. सक्शन पाइप दीड इंची, मोटरकडे सलग चढता. मध्ये उंचवटा राहिला की तिथे हवा अडकलीच.

एवढं करूनही पाणी सोडलं तर सांधे बघा. सक्शनचा सांधा हवा आत घेतो, चालू मोटरवर बाहेर थेंबही दिसत नाही. साबणाचा फेस लावा. जिथे फेस आत ओढला जाईल तो सांधा.

गाळ_आणि_शेवाळ
हायड्रोसायक्लोनवर पैसे घालू नका. तो वाळू काढतो, कारण वाळू जड. शेवाळ जवळपास पाण्याच्याच वजनाचं, ते सरळ निघून जातं. शेवाळाला सँड फिल्टर आणि त्यापुढे डिस्क फिल्टर. फिल्टरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर गेज लावा, फरक अर्धा किलोवर (किलो प्रति चौ. सेंमी) गेला की बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून धुणं. नुसत्या पॉप-अपला बहुधा ८० मेश पुरतं, १२० ठिबकसाठी.

खरं तर तुमच्या लॉनला एप्रिल-मेमध्येही दिवसाला ५-६ मिमी, म्हणजे साधारण १,००० लिटर लागेल. २,००० लिटरची काळी झाकणाची टाकी भरून रात्रभर निवळू द्या, तळापासून अर्धा फूट वर आउटलेट काढा आणि पुढे दुसरी मोटर व डिस्क फिल्टर. सँड फिल्टरचा खर्च बहुधा वाचेल. नोझलपाशी २ किलो प्रेशर मिळत नसेल तर चार-चार पॉप-अपचे दोन झोन करा.

मुळशी_लॉन
टाकीचं पटलं. वरच्या अंगाला वस्ती आहे, कधीकधी पाण्याला वास येतो. फिल्टरने जाईल?

पाइपफिटिंग
नाही. यातला एकही फिल्टर जंतू अडवत नाही, आणि पॉप-अप तेच पाणी तुषार करून हवेत उडवतात. वास असेल त्या दिवशी उपसूच नका. एरवीही पहाटे पाणी द्या, लॉन वाळल्यावरच मुलांना सोडा. उपशाला परवानगी लागते का, ते पाटबंधारे खात्यात विचारून घ्या. आणि मे संपायच्या आत मोटर, ड्रम वर काढा. पहिल्या लोंढ्यात दोन्ही जातात.