सासऱ्यांचा सीआरपी १८ वरून १४२ वर, पण प्रोकॅल्सिटोनिन (पीसीटी) उतरलंय. धरायचं काय?

ऐरोलीची_सून
सासरे ७२ वर्षांचे. प्रोस्टेटचा जुना त्रास, कॅथेटर होतं. सोमवारी हुडहुडी भरून ताप आला, रात्री बरळायला लागले, घरच्यांना ओळखेनात. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात एक रात्र ठेवलं. बीपी खाली गेलं म्हणून मंगळवारी वाशीला आयसीयूत हलवलं. लघवीच्या इन्फेक्शनमधून सेप्सिस म्हणाले, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयवच बिघडायला लागलेत.

सीआरपी आणि पीसीटी या इन्फेक्शन-सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या. पहिल्या ठिकाणी सीआरपी १८.६. वाशीत मंगळवारी पीसीटी ४२, लॅक्टेट ४.८, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) २.४, प्लेटलेट ८८ हजार. गुरुवारी पीसीटी १९, लॅक्टेट १.९, क्रिएटिनिन २.६, प्लेटलेट ९४ हजार. आणि सीआरपी थेट १४२!

घरच्या ग्रुपवर मोठ्या दिरांनी ‘इन्फेक्शन आठपट वाढलं’ असं टाकलंय, तेव्हापासून सासूबाई जेवलेल्या नाहीत. नणंदेचे यजमान म्हणतात आयएल-६ (सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) करून घ्या. डॉक्टर संध्याकाळी पाच मिनिटं भेटतात, त्यात विचारू तरी काय?

घोडबंदरवाला
घाबरू नका ताई. माझ्या मेव्हण्याचा पीसीटी ६० च्या वर होता, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) झाला होता. आता रोज उपवनला चालायला जातो.

नौपाड्याची_सिस्टर
घोडबंदरवाले, मेव्हण्यांना आयुष्य लाभो, पण त्यांच्या आकड्यावरून हिच्या सासऱ्यांचं काही ठरत नाही.

ऐरोली, आधी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेव आणि सीआरपीपुढचं एकक वाच. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, काही प्रति लिटरमध्ये. १८.६ प्रति डेसिलिटर म्हणजे १८६ प्रति लिटर. तसं असेल तर तो वाढलेला नाही, १८६ वरून १४२ वर आलाय. शेजारी नॉर्मल रेंज छापलेली असते, ती दोन्हीकडे वेगळी दिसेल. आयसीयूतून रिटायर झाले तरी नातेवाइकांचे असे फोन मला अजून येतात. बहुतेक वेळा दोन लॅब, दोन एककं, एवढंच निघतं.

आता माझं मत. मी आधी लॅक्टेट बघते. शरीराच्या पेशींना रक्त-ऑक्सिजन नीट पोचतोय का, याचा अंदाज त्यावरून येतो. सेप्टिक शॉकच्या २०१६ च्या व्याख्येत हेच आहे: पुरेसं सलाईन देऊनही सरासरी बीपी ६५ ठेवायला औषध लागतं आणि लॅक्टेट २ च्या वर राहतं. ४.८ चं १.९ झालं, ही चांगली खूण आहे. पण एकट्या लॅक्टेटवरही विसंबू नये, लिव्हर खराब असेल किंवा अ‍ॅड्रेनलिन चालू असेल तरी ते चढतं. म्हणून आज विचार: नॉरअ‍ॅड्रेनलिनचा पंप (बीपी वर ठेवणाऱ्या औषधाचा) कालपेक्षा कमी केलाय का? लघवी तासाला किती होतेय? साठ किलोच्या माणसाला निदान ३० मिली हवी. क्रिएटिनिन उशिरा उतरतं, त्याआधी लघवी सुधारलेली दिसते.

पीसीटीचा पहिला आकडा किती मोठा, याला फार अर्थ नाही. किडनी खराब असली, मोठं ऑपरेशन झालेलं असलं, तरी तो वर असतो. उतरतोय का ते बघायचं. त्याचा खरा उपयोग अँटिबायोटिक कधी थांबवायचं हे ठरवायला. सर्वांत वरच्या आकड्यापेक्षा ८० टक्के खाली आला किंवा ०.५ च्या आत गेला, आणि पेशंट सुधारला असला, तर डॉक्टर बंद करण्याचा विचार करतात. ४२ चा १९ म्हणजे अजून निम्म्याच्या जरा पुढे. ठीक चाललंय, पण अँटिबायोटिक इतक्यात सुटणार नाही.

आयएल-६ चं नणंदेच्या यजमानांना सांग, कोविडपासून सगळ्यांना ते नाव पाठ झालंय. त्या आकड्याने आज यांचं कुठलं औषध बदलणार, हे आधी डॉक्टरांना विचारा. त्यापेक्षा कल्चरचं, म्हणजे कुठला जंतू आहे ते शोधायच्या तपासणीचं, काय झालं? जुनं कॅथेटर बदललं का? सोनोग्राफीत किडनी तुंबलेली आहे का? तुंबलेली लघवी मोकळी झाली नाही तर हे सगळे आकडे पुन्हा चढतील.

कळवा_लॅब
सिस्टरशी सहमत. एक भर: प्लेटलेट, क्रिएटिनिन, बिलिरुबिन हे साधे रिपोर्टच सोफा स्कोअरमध्ये धरतात, सोबत बीपी, श्वास, शुद्ध. किती अवयव अडचणीत आहेत ते त्यातून कळतं. महागडे मार्कर त्यानंतर. आणि यापुढचे सगळे नमुने एकाच लॅबला द्या.

ऐरोलीची_सून
सिस्टर, पहिला रिपोर्ट डेसिलिटरचाच निघाला! दिरांना फोटो पाठवला, ग्रुप गप्प आहे. सासूबाई थोडा वरणभात जेवल्या.

पंप १२ मिली होता, आता ४ वर. कॅथेटर मंगळवारीच बदललं, किडनी तुंबलेली नाही. रक्ताच्या कल्चरमध्ये ई. कोलाय हा जंतू आलाय, मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक चालू ठेवलंय. लघवी तासाला ४० च्या आसपास. आज मला नावाने हाक मारली.

नौपाड्याची_सिस्टर
नावाने हाक मारली ना, मग शुद्धीचं काही विचारायला नको. कल्चरसोबत सेन्सिटिव्हिटीचा तक्ता येतो, त्यात साधं अँटिबायोटिक चालणारं दिसलं तर मेरोपेनेम बदलतील. तेव्हा ‘औषध का हलकं केलं’ म्हणून भांडू नका. डायबिटीस आहे का यांना? असेल तर मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) बंद ठेवलंय ना, तेवढं आज विचार. या क्रिएटिनिनवर ते चालत नाही.