प्रतिसाद: गरम पाण्याची कुंडं आणि गंधक

वर कोणीतरी म्हटलंय की ठाणे जिल्ह्यातल्या वज्रेश्वरीच्या कुंडांखाली ज्वालामुखी आहे म्हणून पाणी गरम. तसं नाहीये हो. कोकणपट्टीत आज जिवंत ज्वालामुखी कुठेच नाही, आपला काळा कातळ लाव्हाचाच पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच गार झाला. होतं असं की पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल मुरतं, किलोमीटरला साधारण २५-३० डिग्री तापमान वाढत जातं, मग तापलेलं पाणी दुसऱ्या भेगेतून दाबाने वर येतं. अकलोली, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे या कोकणातल्या गरम कुंडांच्या गावांत सगळीकडे हेच.

दापोलीजवळच्या उन्हवऱ्याला आम्ही आजीला घेऊन जायचो. पाणी एवढं कडक की पहिली पाच मिनिटं नुसते तांब्याने पायावर ओतत बसायचं, आणि वास म्हणाल तर पाण्यातल्या गंधकामुळे सडक्या अंड्याचा. एकदा ताईने चांदीचे पैंजण काढलेच नाहीत, बाहेर आली तर गंधकाने काळेकुट्ट, मग घरी आल्यावर टूथपेस्टने घासत बसली 😄

बाकी या पाण्याने "सगळे त्वचारोग बरे होतात" असं लोक म्हणतात, ते मला नाही पटत. आजीचे गुडघे दोन दिवस मोकळे व्हायचे हे खरं, पण ते शेक बसल्यामुळे असेल ना, गंधकालाच सगळं क्रेडिट कशाला? बीपी, हार्टवाल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारूनच उतरा, आणि उघडी जखम असेल तर प्लीज नकोच, तेच पाणी बाकीचेही अंगावर घेतात.